मेंदूतल्या तुकड्याची साक्ष

मेंदूच्या स्कॅनवर कडेने उजळलेली गाठ दिसली की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा येतो. त्याला कारणही आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. दराब दस्तूर आणि डॉ. पी. एम. उदानी यांनी क्षयाने मेंदूची होणारी हानी सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासली. त्यांचा १९६६ सालचा शोधनिबंध या विषयात महत्त्वाचा ठरला.

पण प्रत्येक गाठ क्षयाची नसते. नोकार्डिया हा जिवाणू मातीत राहतो, धुळीबरोबर फुप्फुसात शिरतो आणि रक्तावाटे मेंदूत पोचून तिथे गळू करतो. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांना आणि अवयवरोपण झालेल्यांना त्याचा धोका अधिक. फ्रेंच पशुवैद्य एदमाँ नोकार यांनी १८८८ साली गुरांच्या रोगात त्याचे वर्णन केले. क्षयाच्या नेहमीच्या औषधांवर हा आजार सोपवता येत नाही. को-ट्रायमॉक्साझोलसारखी सल्फा औषधे कित्येक महिने द्यावी लागतात. नाव चुकले की उपचार चुकतो, आणि इथे चूक मेंदूत होते.

मी डॉक्टर नाही. वाचून, विचारून शिकलेला माणूस आहे. या दोघांतला फरक कसा ओळखतात, हे मला फार विलक्षण वाटते. तुकड्याच्या नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगकामात नोकार्डिया बहुधा दिसत नाही. ग्रॅमच्या रंगात त्याचे फांद्या फुटलेले, मणी ओवल्यासारखे नाजूक धागे दिसतात; क्षयाचे जंतू म्हणजे आखूड काड्या. झील-नील्सन पद्धतीत लाल रंग चढवून काच आम्लाने धुतात. क्षयाचा जंतू २० टक्के सल्फ्युरिक आम्लातही रंग सोडत नाही, पक्क्या रंगाच्या लुगड्यासारखा. नोकार्डियाचा रंग तिथे सहसा उतरतो, पण १ टक्का आम्लात टिकतो. म्हणजे फक्त तीव्र आम्ल वापरले, तर जंतू असूनही ‘आढळला नाही’ असा अहवाल येऊ शकतो.

त्याआधीची पायरी मात्र शस्त्रक्रियागृहातच चुकू शकते. २०१८ च्या जुलैत गोव्यात मासळीतल्या फॉर्मलीनवरून गदारोळ झाला, तेव्हा आमच्या पाचूबंदरातही तो शब्द घरोघर पोचला. फॉर्मलीन मांस कुजू देत नाही, कारण ते जंतूंना मारते. काप पाहण्यासाठी तुकडा त्यातच ठेवावा लागतो. पण सगळाच तुकडा त्यात गेला, तर जंतू वाढवून पाहण्याची वाट बंद होते. जनुकीय तपासणी मग करता येते, पण फॉर्मलीनने डीएनए तुटत असल्याने तिची खात्री कमी होते.

उपाय साधा आहे. एक भाग फॉर्मलीनमध्ये, दुसरा निर्जंतुक बाटलीत, फॉर्मलीनशिवाय, ताबडतोब जंतुशास्त्र विभागाकडे. सोबतच्या चिठ्ठीवर ‘नोकार्डियाचा संशय’ हे शब्द हवेत. कारण त्याला वाढायला कित्येक दिवस, कधी दोन-तीन आठवडे लागतात, आणि नेहमीची तपासणी दोन-तीन दिवसांत आटोपते.

घरातल्या कुणाच्या मेंदूतला तुकडा काढायचा असेल, तर नातेवाइकांनी शस्त्रक्रियेआधीच नम्रपणे विचारावे: “डॉक्टर, तुकडा दोन्ही बाटल्यांत जाणार ना?”