काळ्या मोटारीवरचे कोळिष्टक

रात्री आठच्या सुमारास अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या सोसायटीच्या आवारात, दिव्याच्या खांबाजवळ उभी असलेली काळी मोटार जवळ जाऊन पाहा. दिवसा सावलीत ती आरशासारखी गुळगुळीत वाटली असेल. आता मात्र बॉनेटवर जेथे दिव्याचे प्रतिबिंब पडले आहे, त्याच्याभोवती शेकडो बारीक, चकाकत्या रेषांची वर्तुळे दिसतील. जणू मध्यभागी दिवा ठेवून कोळ्याने जाळे विणले आहे. शेजारच्या पांढऱ्या मोटारीवर मात्र असे काही सहसा नजरेत भरत नाही. मोटारीचे मालक यावरून झटपट निष्कर्ष काढतात : गाडी पुसणाऱ्याने फडके गोल गोल फिरवले, म्हणून गोल ओरखडे पडले!

आता एक पाऊल बाजूला सरका. दिव्याचे प्रतिबिंब सरकेल, आणि त्याच्याबरोबर ते सारे जाळेही सरकेल. रंगावर पडलेले ओरखडे तर जागचे हलू शकत नाहीत. मग ही वर्तुळे आली कोठून?

याचे उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. रोज घासून वापरलेले स्टीलचे सपाट ताट घ्या आणि एकाच दिव्याखाली धरा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती तशीच वर्तुळे दिसतील. ताट जागच्या जागी फिरवा. वर्तुळे फिरत नाहीत. ताटावर ओरखडे सर्व दिशांनी पडलेले असतात : उभे, आडवे, तिरपे. प्रत्येक ओरखडा म्हणजे एक अतिशय अरुंद चर. चराच्या भिंती प्रकाश परावर्तित करतात, पण तो चराच्या लांबीला काटकोनात असलेल्या दिशांनीच पसरतो, लांबीच्या दिशेने नाही. त्यामुळे ज्या ओरखड्यांची दिशा दिव्याच्या प्रतिबिंबाकडे जाणाऱ्या रेषेला जवळजवळ लंब असते, तेवढ्यांचाच प्रकाश तुमच्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. बाकीचे असतात तेथेच, पण अंधारात राहतात. आणि एका बिंदूकडे जाणाऱ्या रेषांना सर्व बाजूंनी लंब रेषा काढत गेल्यास काय तयार होते, हे भूमितीच्या तासाला तुम्ही शिकलाच आहात : स्पर्शिका, म्हणजेच वर्तुळ. पाऊस पडून गेल्यावर झाडाच्या ओल्या फांद्यांमधून रस्त्यावरचा दिवा पाहिलात, तर फांद्याही दिव्याभोवती गोलाकार रचल्यासारख्या दिसतात. तेथे तर कोणी फडके फिरवलेले नसते!

तेव्हा गाडी पुसणारा गोल फिरवण्याच्या आरोपातून सुटला. पण ओरखडे खरे आहेत, हे नाकारता येत नाही.

ते काळ्या रंगावरच का उठून दिसतात? मोटारीच्या बाह्य थराचा अपवर्तनांक साधारण १.५ असतो. दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागून वर्ग केला की समोरून पडलेल्या प्रकाशापैकी किती परत फिरतो ते कळते. हवा आणि रंग यांच्यासाठी ०.५ भागिले २.५, त्याचा वर्ग ०.०४, म्हणजे अवघे ४ टक्के. उरलेला प्रकाश आत जातो. पांढऱ्या मोटारीत तो आतल्या रंगकणांवर आदळून बहुतांश परत येतो व सर्व दिशांना पसरतो, आणि त्या उजेडात ओरखड्याची क्षीण चकाकी बुडून जाते. काळा रंग तो गिळून टाकतो. मागे संपूर्ण अंधार आणि पुढे एक चकाकती रेघ! फळा काळा का असतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवल वाटू नये.

आता हे चर खणतो कोण? फडक्याच्या सुती धाग्यात एवढे बळ नाही. बळ आहे ते फडक्यात अडकलेल्या धुळीत. आपली उपनगरे बेसॉल्ट खडकावर वसलेली आहेत. अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा सुमारे ६० मीटर उंचीचा काळा कडा त्याच खडकाचा. इमारतींसाठी, रस्त्यांसाठी आणि मेट्रोच्या खांबांसाठी वापरली जाणारी खडी बहुतांशी हाच दगड फोडून केलेली असते. फ्रीड्रिख मोह्स यांनी १८१२ मध्ये तयार केलेल्या काठिण्याच्या मापक्रमात बेसॉल्टमधील फेल्स्पारचा क्रमांक सहावा, तर आपल्या नखाचा सुमारे अडीच. रंगाचा थर इतका मऊ की त्याचे काठिण्य शिसपेन्सिलींनी मोजण्याची पद्धत आहे : ६बी पासून ६एच पर्यंतच्या पेन्सिली ४५ अंशांच्या कोनात दाबून ओढतात आणि कोणती पेन्सिल ओरखडा पाडते ते पाहतात. तुमच्या चित्रकलेच्या पेटीतील पेन्सिलींच्या पट्टीवर जो मावतो, त्या थरावर फेल्स्पारची धूळ घासली तर काय होणार?

सकाळी सहा वाजता कोणत्याही सोसायटीत हा प्रयोग चालू असतो. एक बादली, एक फडके, आणि ओळीने उभ्या असलेल्या गाड्या. पहिल्या गाडीची धूळ दुसरीवर, दुसरीची तिसरीवर. पुसणाऱ्याला नळाला नळी जोडून धूळ आधी वाहून जाऊ द्यायला कोणी सांगत नाही, कारण पाणी मोजून मिळते. आणि मालकाला तर गाडी रोज पुसलेली हवी असते. माझ्या मते ओरखड्यांचा मोठा वाटेकरी हा रोजच्या पुसण्याचा हट्टच आहे. आठवड्यातून एकदा, भरपूर पाण्याने धूळ सोडवून मग पुसलेली गाडी रोज पुसलेल्या गाडीहून अधिक काळ काळी राहील.

पडलेले ओरखडे काढण्यासाठी गॅरेजमध्ये रबिंग कंपाउंड आणि फिरते बफिंग यंत्र वापरतात. कंपाउंडमध्ये अॅल्युमिनियम ऑक्साइडसारखी अतिशय बारीक व कठीण भुकटी असते. येथे नीट लक्ष द्या, कारण बहुतेकांचा येथेच गैरसमज होतो. पॉलिश केल्याने ओरखडा भरून निघत नाही. चराच्या आजूबाजूची जमीन खरवडून चराच्या तळापर्यंत खाली आणली जाते. जमीनच खचली की चर उरत नाही! शिवाय भुकटीही स्वतःचे ओरखडे पाडतेच. न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात लिहून ठेवले आहे, की घासल्याने काच पूर्णपणे सपाट होत नसते, तिच्यावरचे ओरखडे फक्त डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक होतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ओरखडा याहून बराच लहान झाला की प्रकाशाला तो जवळजवळ जाणवत नाही.

मग खरवडायला आहे किती? आजच्या मोटारींवर रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाहूनही पातळ. सूर्याची अतिनील किरणे शोषणारी द्रव्ये याच थरात मिसळलेली असतात. प्रत्येक पॉलिशमध्ये त्यातील एखाद-दोन मायक्रॉन, कधी अधिक, कायमचे जातात. वरून थर पुन्हा वाढत नाही. दर दिवाळीला गाडी चकाचक करून घेणारे गृहस्थ काही वर्षांनी छपरावर पांढुरके, पोपडे सुटलेले डाग का पाहतात, ते आता कळले असेल. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झालेली प्रीमियर पद्मिनी ज्या काळात सुरू झाली, त्या काळच्या साध्या रंगाच्या गाड्यांवर असा वेगळा पारदर्शक थर नसे. पॉलिश करताना फडके काळे होई, आणि रंग जातो आहे हे निदान डोळ्यांना दिसे. आता जातो तो थर रंगहीन असल्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही.

ओरखड्यावरून नख फिरवावे. नख अडकले तर चर खोल आहे, आणि तो काढण्याच्या नादी लागू नये. नख अडकत नसेल, तरी आधी एक सौम्य उपाय आहे : ओरखडा न काढता लपवणे. पावसाळ्यात भिजलेली गाडी नव्यासारखी दिसते ती यामुळेच. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, पाणी व रंग यांच्या सीमेवर परत फिरणारा प्रकाश ४ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतो. खोबरेल तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४५, वरचे सूत्र लावून पाहा, दहा हजारांत तीनच भाग उरतात. चर तेथेच असतो, पण प्रकाश त्याला ओळखत नाही. मोटारीला लावायचे मेणही हेच काम करते, आणि ते तेलासारखे धूळ धरून ठेवत नाही. काही धुण्यांनंतर मेण जाते आणि जाळे परत दिसू लागते. थर मात्र शाबूत राहतो.

हे दोन्ही प्रकार वर्गात करून पाहता येतील. कंपासपेटीतील जुना, ओरखडलेला पारदर्शक कोनमापक काळ्या कागदावर ठेवा आणि विजेरीचा प्रकाश टाका. एका कोपऱ्यावर खोबरेल तेलाचा थेंब पसरा, आणि तेथील ओरखडे जवळजवळ दिसेनासे होतील. साबणाने धुऊन टाका, ते परत येतील. आता दुसऱ्या कोपऱ्यावर ओल्या मऊ फडक्याने पाच-दहा मिनिटे टूथपेस्ट चोळा. दात स्वच्छ करण्यासाठी तिच्यात घासणारी बारीक पूड असतेच. धुऊन, कोरडे करून पाहा : येथले बारीक ओरखडे धुतल्यावरही परत येत नाहीत. चोळत राहिलात तर थोड्या वेळाने अंशांचे छापील आकडेही पुसट होऊ लागतील. तेथे थांबा, भूमितीच्या तासाला कोनमापक लागणार आहे.