जुन्या ट्रॅक्टरची अवजारे : ओळख आणि मोल

जुन्या ट्रॅक्टरच्या अवजाराची ओळख पटवावयाची झाल्यास प्रथम त्याचा जोड न्याहाळावा, कारण १९४६ ते १९५६ या काळात कॉव्हेंट्रीत निर्माण झालेल्या फर्ग्युसन टीई-२० चा नांगर ज्या तीन सांध्यांवर उचलला जातो, ती योजना पुढे सर्वत्र रूढ झाल्याने तो आजही इतर ट्रॅक्टरांना जोडता येतो, तर अमेरिकेतील फार्मॉल सुपर सी च्या ‘फास्ट हिच’चे अवजार, दोन दांडे खोबणींत शिरवून बसवावयाचे असल्यामुळे, मोजक्याच ट्रॅक्टरांना चालते, मात्र ज्याच्यापाशी तसा ट्रॅक्टर आहे, त्याच्या लेखी ते अमोल होय. ओतीव भागावरील क्रमांक हा अस्सल दस्तऐवज समजून जुन्या सूचिपत्राशी ताडावा. झिजलेला फाळ बदलता येतो. परंतु चौकट तडकलेली किंवा जोडाचे मूळ भाग गहाळ असल्यास किमतीत भरीव वजावट करणेच वाजवी.