रक्तगट आणि कातडीचा कर्करोग

रक्तदान करून आलेल्या माणसाच्या हातीं एक लहानसें कार्ड पडतें व त्यावर 'ए', 'बी', 'एबी' अथवा 'ओ' यांपैकीं एक खूण असते. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर ३ मधील घरांतूनही असें कार्ड जपून ठेवलेलें आढळेल. अपघाताच्या वेळीं त्याचा उपयोग उघडच आहे. परंतु त्या खुणेवरून कातडीच्या कर्करोगाचें भाकीत करतां येईल काय?

हा प्रश्न अगदींच निराधार नाहीं. कार्ल लँडस्टायनर यांनीं १९०१ सालीं व्हिएन्ना येथें रक्ताचे जे भेद दाखविले, ते तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावरील शर्करांचे भेद होत. या शर्करा केवळ रक्तांतच नव्हे, तर त्वचेसह शरीराच्या इतर अनेक पेशींवरही असतात. १९५३ सालीं इंग्लंडमध्यें जठराचा कर्करोग 'ए' गटांत किंचित् अधिक आढळला, तेव्हांपासून अशा संबंधांचा शोध चालू आहे. अमेरिकेंतील परिचारिका व आरोग्यव्यवसायांतील पुरुष यांच्या दीर्घकालीन पाहणीवरून २०१० सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, 'ओ' गटाच्या तुलनेनें इतर गटांत त्वचेच्या शल्कपेशींचा कर्करोग शेंकडा १४ नें व तळपेशींचा शेंकडा ४ नें कमी होता. काळ्या तिळासारख्या घातक कर्करोगांत मात्र निश्चित फरक दिसला नाहीं.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. 'ओ' गटाच्या एका समुदायांत १०० रोगी असतील, तर तेवढ्याच मोठ्या इतर समुदायांत ८६ असतील, एवढाच तो अर्थ. शंभर माणसांपैकीं चौदांना रोग होतो, असा तो मुळींच नव्हे. शिवाय ती पाहणी मुख्यतः गोऱ्या लोकांची होती. सांवळ्या कातडीस तिच्यांतील रंगद्रव्याचें संरक्षण असल्यानें हा रोग आपल्या देशांत मुळांतच विरळा आहे.

मग येथें तो होतो कशानें? याचें एक उत्तर मुंबईनेंच दिलें आहे. टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांच्या सहकारी यांनीं १९४५ सालीं 'धोतराच्या कर्करोगा'चें वर्णन केलें. वर्षानुवर्षें कमरेच्या एकाच जागीं धोतर आवळल्यानें घर्षण व घाम यांमुळें कातडी काळवंडते, जाड होते, पुढें जखम होते व क्वचित् तिचा कर्करोग बनतो. साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही परकराच्या नाडीखालीं हाच प्रकार आढळला आहे.

याच खानोलकरांनीं डॉ. सांघवी यांच्यासह मुंबईंतील आपापसांतच विवाह करणाऱ्या सहा समाजांच्या रक्तगटांचाही अभ्यास केला, आणि त्यांचें प्रमाण समाजागणिक भिन्न निघालें. यांतच एक महत्त्वाची सूचना दडलेली आहे. ज्या समाजांचे रक्तगट भिन्न, त्यांचे पोशाखही पुष्कळदां भिन्न असतात. अशा वेळीं केवळ रक्ताची मोजदाद केली, तर वस्त्राचा दोष रक्ताच्या माथीं मारला जाईल. १९४७ नंतर आलेलीं सिंधी कुटुंबें व मराठी कुटुंबें जेथें शेजारीं राहतात, त्या उल्हासनगरांतही हा धोका ध्यानांत ठेवावा लागेल.

रक्तगट कोणास बदलतां येत नाहीं. नाडीची गांठ मात्र सैल करतां येते व तिची जागा बदलतां येते. 'ओ' गटाच्या माणसानें उगाच धास्ती घेऊं नये. 'बी' गटाच्या माणसानेंही निर्धास्त राहूं नये, कारण दुखणें अंगावर काढण्यांत खरी हानि आहे. कमरेवरील अथवा भाजल्याच्या जुन्या वणावरील जखम तीन-चार आठवड्यांत भरून आली नाहीं, तिच्या कडा जाड झाल्या किंवा तींतून रक्त येऊं लागलें, तर मलमें बदलीत न बसतां ती डॉक्टरांस दाखवावी. कॅम्प नंबर ३ मध्येंच मध्यवर्ती रुग्णालय आहे. जखमेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला म्हणजे निदान होतें. आणि रोग वेळींच कळला, तर बहुधा शस्त्रक्रियेनें तो पूर्ण बरा होतो.