वाटांवरून ओळखलेली जागा

चेंडूवर फिरणाऱ्या मुंगीला पायाखालचा तुकडा सपाटच भासतो. जवळून अशा सपाट भासणाऱ्या जागांवरच भूमितीने आपले कलनशास्त्र उभारले. पण त्या जागेतले बिंदू एकमेकांना चिकटविले, की पुष्कळदा ती सपाटी नाहीशी होते आणि शास्त्र अडते.

१९८० मध्ये फ्रान्सच्या झाँ-मारी सुरियो यांनी प्रश्नच फिरविला. जागा कशाची बनली हे न विचारता, तिच्यात उतरणाऱ्या कोणत्या वाटा व पट गुळगुळीत मानावयाचे, त्यांची यादी त्यांनी मागितली. कॅटेगरी थिअरी, म्हणजे वस्तू तिच्या नात्यांवरून ओळखणारी विद्या, हेच सांगते. कामगारांत वावरताना आम्हीही माणूस असाच ओळखला. त्याच्या भाषणावरून क्वचितच.

सायकलच्या ट्यूबवर असा दोरा गुंडाळा, की लांबीच्या एका फेरीत आडव्या √२ फेऱ्या होतील. तो स्वतःला कधीच येऊन मिळत नाही. असा प्रत्येक अनंत दोरा एकेक बिंदू मानला, तर जवळ-दूर एवढेच पाहणाऱ्या दृष्टीला सगळे बिंदू एकमेकांत मिसळलेले दिसतात. √३ ची जागाही हुबेहूब तशीच. सुरियोंच्या यादीने मात्र त्या दोन जागा निराळ्या ठरतात.

याची किंमत पडते. एखाद्या बिंदूशी स्पर्शदिशा म्हणजे काय, याची उत्तरे आता एकाहून अधिक होतात, आणि ती नेहमी जुळतातच असे नाही.