चित्रगोधडीचा शिक्षणपट

सुईदोऱ्यानें गोष्ट सांगण्याची कला पुष्कळ देशांत आढळते. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक ठेवून धावदोऱ्यानें शिवलेली गोधडी महाराष्ट्रांत घरोघरीं परिचयाची आहे. चित्रगोधडी ही तिची दूरची बहीण होय. तिच्या वरच्या पदरावर कापडाचे निरनिराळे आकार कापून जडविलेले असतात व त्यांतून एखादा प्रसंग उभा राहतो. ही कला आज व्हिडिओच्या द्वारें शिकवितां येते. परंतु असा शिक्षणपट करणें म्हणजे शिवणाऱ्या बाईसमोर कॅमेरा ठेवणें नव्हे. त्यांत काय टिपावयाचें, हें आधीं ठरवावें लागतें; आणि तें ठरवितांना अमेरिकेंतील एका स्त्रीचें उदाहरण फार उपयोगी पडतें.

हॅरिएट पॉवर्स ही १८३७ सालीं जॉर्जिया संस्थानांत गुलामगिरींत जन्मली. १८८६ सालीं अथेन्स गांवीं भरलेल्या कापसाच्या प्रदर्शनांत तिची गोधडी मांडलेली होती. तिच्या अकरा चौकटींत बायबलांतील कथा कापडी आकारांनीं दाखविलेल्या होत्या. जेनी स्मिथ नांवाच्या कलाशिक्षिकेनें ती विकत मागितली, पण पॉवर्सनें दिली नाहीं. पुढें कांहीं वर्षांनीं पैशाची अडचण पडल्यावर ती आपण होऊन गोधडी घेऊन आली. तिनें दहा डॉलर सांगितले, हातीं पांच पडले. त्या प्रसंगीं तिनें प्रत्येक चौकटीचा अर्थ सांगितला व स्मिथबाईंनीं तो लिहून ठेवला. नंतरही आपली गोधडी पाहण्यासाठीं ती अनेकदां येत असे. आज ती गोधडी वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे.

तिची दुसरी गोधडी पंधरा चौकटींची असून ती बोस्टनच्या ललितकला संग्रहालयांत आहे. तिच्या एका चौकटींत १८३३ सालच्या नोव्हेंबरांतील उल्कावर्षाव आहे, आणि दुसऱ्या एका चौकटींत १७८० सालच्या मे महिन्यांत भर दिवसां पडलेला अंधार आहे. हे दोन्ही प्रसंग तिच्या जन्मापूर्वींचे. तिनें ते केवळ ऐकलेले. तिचे शब्द कोणीं उतरून घेतले नसते, तर पाहणाराला कापडाच्या चांदण्या दिसल्या असत्या, पण ती रात्र कोणती हें समजलें नसतें. तिचे शब्द राहिले, मात्र तिचे हात चालतांना कोणी टिपले नाहींत. त्या काळीं तें शक्यही नव्हतें. टांके कांहीं हाताचे व कांहीं यंत्राचे आहेत, एवढें कापडावरून कळतें. पण कापडाचा काठ ती कोणत्या बोटानें मुडपीत असे, हें कापड सांगत नाहीं.

यावरून शिक्षणपटाचीं दोन कर्तव्यें स्पष्ट होतात: करणारीची वाणी राखणें आणि तिचे हात राखणें.

हातांसाठीं कॅमेरा कोठें ठेवावा, हा पहिला प्रश्न. तो समोर ठेवल्यास उजवें डावें होतें आणि शिकणारी गोंधळते. तो शिवणारीच्या खांद्यावरून खालीं पाहील असा ठेवावा, म्हणजे शिकणारीला स्वतःचेच हात पाहिल्यासारखें वाटतें. उजेड एका बाजूनें, सुई धरलेल्या हाताच्या उलट दिशेनें यावा. त्यामुळें हाताची सावली कामावर पडत नाहीं आणि टांक्यांचे उंचवटे उठून दिसतात. नेहमीं दोरा कापडाच्या रंगाचा घेतात. दाखवितांना मात्र तो मुद्दाम वेगळ्या रंगाचा घ्यावा.

कृतीचा क्रम आधीं लिहून काढावा. प्रथम कापड धुऊन त्याचा रंग जातो कीं काय तें पाहावें. लाल कापडाच्या बाबतींत तर हें टाळूंच नये. आकार कापतांना चोहों बाजूंनीं सुमारें पाव इंच कापड मुडपण्यासाठीं सोडावें. काठ आंत वळत असेल तेथें कात्रीनें लहान खांचा द्याव्या, नाहीं तर कापड ताणतें. जे आकार चित्रांत मागें असतील ते आधीं जडवावे, पुढचे नंतर. मग अस्तर, कापसाचा पातळ थर व चित्राचा पदर एकावर एक पसरून मध्यापासून कडांकडे कच्चे टांके घालावे. पक्के टांकेही त्याच क्रमानें घालावे. कडांपासून आरंभ केल्यास सुरकुत्या मध्यें गोळा होतात व मग त्या निघत नाहींत. अशी एक सुरकुती शिक्षणपटांत मुद्दाम दाखवावी. केवळ सूचनेपेक्षां ती अधिक शिकविते.

पुरी गोधडी व्हावयास अनेक आठवडे लागतात. म्हणून प्रत्येक पायरीचा नमुना आधींच तयार ठेवावा, म्हणजे एकीवरून दुसरीवर सहज जातां येतें. "हें इकडून तिकडे घ्या" असें बोलणें कॅमेऱ्यापुढें निरुपयोगी असतें. "वरचा काठ", "दुसरा टांका" असें नांव घेऊन बोलावें. पट तयार झाल्यावर कधींही सुई न धरलेल्या व्यक्तीस तो एकदां आवाज बंद करून दाखवावा. ती जेथें अडेल, तेथें चित्र अपुरें आहे असें समजावें.

राहिली वाणी. गोधडींतील गोष्ट करणारीनें स्वतःच्या बोलींत सांगावी. दुसऱ्यानें ती सुधारूं नये. पटाच्या आरंभींच तिचें नांव यावें, तिची संमति घेतलेली असावी, आणि मोबदला तिची अडचण पाहून नव्हे, तर तिचें काम पाहून ठरवावा. पॉवर्सला पांच डॉलरांवर समाधान मानावें लागलें आणि आपल्याच हातची वस्तु पाहावयास दुसऱ्याच्या दारीं जावें लागलें. आज शिक्षणपट करणाराला निदान एवढें करतां येईल: तयार पटाची पहिली प्रत ज्या हातांनीं गोधडी शिवली त्या हातांत द्यावी.