लाल बावटा उतरल्यावर

फायरिंग रेंजवरच्या फिरत्या संडासांची निविदा वाचायला घेतली की संडास सापडेपर्यंत बरीच पानं उलटावी लागतात. आधी अनुभवाचे दाखले, उलाढाल, जीएसटी, कामगारांचा पीएफ, प्रत्येक माणसाची पोलीस पडताळणी. संडास येतात ते पार मागे, एका छोट्या तक्त्यात: इतके नग, इतके दिवस, दिवसातून दोनदा सफाई. सरकारी खरेदीचं जेम पोर्टल २०१६ मध्ये सुरू झालं आणि आता लष्कराची असली कामंही तिथूनच निघतात. कुठल्याही जिल्ह्यातला ठेकेदार घरबसल्या बोली लावतो. कागदपत्रं पास झाली की ज्याचा दर सगळ्यांत कमी तो एल-वन, आणि काम त्याचं.

मी ज्या ठेकेदाराच्या गाडीतून फिरलो त्याचा मूळ धंदा लग्नं, जत्रा आणि राजकीय सभांचा. नाशिकचा २०२७ चा सिंहस्थ तो आतापासूनच बोटांवर मोजतोय. रेंजचं काम त्याने घेतलं ते पावसाळ्यानंतर केबिन नुसत्या पडून राहू नयेत म्हणून. महाराष्ट्रात तोफा आणि रणगाड्यांच्या सरावाच्या मोठ्या रेंज देवळालीला आणि नगरजवळ आहेत. मी पाहिलेली कोणती, हे इथे सांगायचं कारण नाही.

जवानांना संडासाची केबिन ही तशी नवी चैन. सरावाला गेलेली तुकडी पूर्वापार चर खणत आली आहे. खोल चर, वर फळ्या, बाजूला तरटं, आणि तळ हलवताना माती लोटून बुजवायचं. पण दख्खनच्या माळावर हातभर मुरूम लागला की खाली काळा कातळ, आणि तोफखान्याच्या जवानाला पहारीपेक्षा तोफेवर राबवणं केव्हाही स्वस्त. शिवाय २०२३ मध्ये तोफखान्यात पहिल्यांदा महिला अधिकारी दाखल झाल्या. उघड्या माळावर तरटाच्या आडोशाने भागवण्याचे दिवस तेव्हापासून आणखी मागे पडले.

केबिन फायबरची. माणूस आत वळू शकेल एवढी जागा, खाली भारतीय पद्धतीचं भांडं आणि त्याखाली साधारण अडीचशे लिटरची टाकी. हे डबे परदेशी नमुन्यावरून आले. तिकडे माणूस कागद वापरतो आणि टाकीत निळं औषध घातलं की आठवडाभर कुणी झाकण उघडत नाही. आपल्याकडे आधी डबाभर पाणी स्वतःसाठी, मग तेवढंच भांड्यात ओतायचं. एका वेळेचे पाच लिटर धरा. एका केबिनला वीस जवान धरले, तर सकाळच्या परेडआधीच शंभर लिटर झाले. दिवसभराची लघवी आणि वर सफाईचं पाणी वेगळंच. अडीचशेची टाकी दुसऱ्या संध्याकाळी काठोकाठ. अशा पंचवीस केबिन म्हणजे दर दोन दिवसांनी सहा हजार लिटर. ठेकेदाराचा सक्शन टँकर चार हजारांचा. त्यामुळे दोन खेपा आल्या, आणि प्रत्येक खेप रेंजवरून शहराच्या मलशुद्धीकरण केंद्रापर्यंत. रेंजच्या ओढ्यात रिकामा केला असता तर डिझेल वाचलं असतं. तसं करणारेही आहेत. याने पावत्या फाइलला लावल्या होत्या, आणि त्या मी पाहिल्या.

निविदेत मात्र केबिन मोजलेल्या असतात. पाणी कुणीच मोजत नाही, आणि या धंद्यात नफा-तोटा जो काय होतो तो पाण्यातच होतो.

दुसरा घोळ वेळेचा. दिवसातून दोनदा सफाई हे कलम शहरातल्या मैदानासाठी ठीक आहे. रेंजवर लाल बावटा चढला की फायरिंग सुरू, आणि मग टँकर काय, कुत्रंही आत सोडत नाहीत. बावटा कधी उतरेल हे तोफा ठरवतात, धुकं ठरवतं, मध्येच रेंजमध्ये घुसलेली कुणाची तरी म्हैस ठरवते. रात्री फायरिंग असलं तर संध्याकाळची फेरीही गेली. गेटवरच्या सुभेदारसाहेबांनी यावर कागदात नसलेला तोडगा काढला होता: पहाटे साडेचारला गाडी गेटवर हजर पाहिजे. ‘टाइम से आओगे तो टाइम से जाओगे,’ एवढंच ते म्हणायचे. ड्रायव्हरमामा तीनलाच निघायचे. रस्ता सोडून चाक खाली घालायचं नाही हा त्यांचा एकच नियम. माळावर न फुटलेला गोळा कुठे रुतलेला असेल सांगता येत नाही.

उपसा बघताना नाकापेक्षा कानाला जास्त समजतं. टाकीत तीन इंची पाइप सोडला की पंपाचा आवाज जड होतो, आणि तळ लागला की एकदम मोकळा. मध्येच आवाज घुसमटला तर पाइपात काहीतरी अडकलंय. बाटलीचं बूच, गुटख्याची पुडी, एकदा अख्खा मोजा. हेल्पर पोरगा हातमोजे चढवून आकडीने ते ओढून काढायचा. सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवायचा नाही, हे हाताने मैला-सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने ठरलंय, आणि केबिनच्या टाकीत तसा माणूस मावतही नाही. प्रश्न येतो तो मुक्कामाच्या तळावरच्या जुन्या सेप्टिक टँकचा. ‘तेवढं बघून घ्या’ असं सहज सांगितलं जातं. ठेकेदाराने तिथे सरळ नाही म्हटलं. मला हे त्याचं सगळ्यांत शहाणपणाचं काम वाटलं.

तुकडीचे डॉक्टर अधूनमधून पाहणीला यायचे. त्यांचं लक्ष माश्यांवर. माश्या दिसल्या की स्वयंपाकाच्या तंबूत जुलाब येणार, हा सैन्याचा जुना अनुभव. मग फिनेल ओता, आणखी ओता. गंमत म्हणजे मैला पचवणारे जिवाणू वापरणारा बायो-डायजेस्टर डीआरडीओनेच तयार केला, तोही उंच बर्फाळ भागातल्या जवानांसाठी, आणि पुढे तो रेल्वेच्या डब्यांखाली गेला. त्यात इतकं फिनेल ओतलं तर जिवाणूच मरतात. पंधरवड्याच्या भाडेकामात ते रुजायलाही वेळ मिळत नाही, म्हणून इथे आपली साधी टाकी आणि टँकरच बरा.

रोजच्या फेरीची नोंद वहीत, त्याखाली सही. शेवटी त्या सह्यांवर बिल. बावट्यामुळे हुकलेल्या फेऱ्यांचे पैसे कापले गेले, पहाटेच्या जादा खेपांचा रकाना वहीत नव्हताच.

पुढच्या निविदेच्या वेळी ठेकेदाराने प्रश्न पाठवला: टँकरच्या खेपेचा दर वेगळा लावता येईल का? उत्तर आलं, ‘निविदेप्रमाणे.’ मग त्याने खेपा मनात धरून केबिनचा दर वाढवून भरला आणि काम दुसऱ्याकडे गेलं. सराव सुरू झाला आणि तिसऱ्या दिवशी त्याच एल-वनचा फोन आला. ‘भाऊ, तुमचा टँकर भाड्याने मिळेल का?’

याने खेपेचा दर सांगितला.