लॅपटॉप एक, वाय-फाय अनेक. सेटिंग कोणती ठेवाल?

घरून काम करताना ऐन मीटिंगमध्ये आवाज तुटला की आपण इंटरनेट कंपनीला दोष देतो. बऱ्याचदा लाइन ठीक असते. अडचण असते राउटर ते लॅपटॉप या काही फुटांच्या अंतरात. खात्री करायची तर लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून वेग तपासा. केबलवर वेग नीट आणि वाय-फायवर निम्मा येत असेल, तर तक्रार करण्यात अर्थ नाही.

राउटर टीव्हीच्या मागे किंवा कपाटात असेल तर आधी बाहेर काढा. मग बँड बघा. बहुतेक नव्या राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन बँड असतात. २.४ चा सिग्नल भिंतींपलीकडे जातो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. सोसायटीत शेजारपाजारचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह असे सगळे तिथेच गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, मात्र भिंत आली की क्षीण होतो. राउटरच्याच खोलीत बसत असाल तर ५ घ्या, आतल्या खोलीत बसत असाल तर २.४.

खरा गोंधळ होतो तो विंडोजच्या दोन शब्दांनी. नव्या वाय-फायला जोडल्यावर त्या जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ असे पर्याय दिसतात. ‘पब्लिक’ म्हणजे आपला लॅपटॉप सगळ्यांना खुला, असं अनेकांना वाटतं. आहे नेमकं उलट! पब्लिक निवडलं की त्या नेटवर्कवरच्या इतरांपासून लॅपटॉप लपतो. प्रायव्हेट निवडलं की तो इतरांना दिसू शकतो, म्हणजे घरचा प्रिंटर किंवा फाइल शेअरिंग चालावं यासाठीची ती सोय. कॅफेत, हॉटेलात, रेल्वे स्टेशनवर प्रायव्हेट ठेवून बसलात आणि एखादं फोल्डर शेअर केलेलं असलं, तर ऑफिसच्या फाइल्स अनोळखी माणसाच्या आवाक्यात येऊ शकतात. घरीही प्रिंटर वगैरे नसेल तर पब्लिकच ठेवावं, काही बिघडत नाही. ही निवड प्रत्येक वाय-फायसाठी वेगळी लक्षात ठेवली जाते, त्यामुळे एकदाच करावी लागते.

राउटरची सुरक्षा डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ वर असावी. जुनं डब्ल्यूईपी दिसलं तर लगेच बदला. राउटरच्या मागच्या स्टिकरवरचा अ‍ॅडमिन पासवर्डही बदला, तो तसाच ठेवणारी घरं कमी नाहीत. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क सुरू करा, म्हणजे ऑफिसचा लॅपटॉप त्यांच्या मोबाइलपासून वेगळा राहतो.

बाहेरच्या वाय-फायचं ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’ बंद ठेवा. नाहीतर तेच नाव लावलेल्या भलत्याच हॉटस्पॉटला लॅपटॉप आपणहून जोडला जाऊ शकतो. प्रवासात मोबाइलचा हॉटस्पॉट वापरत असाल तर त्या जोडणीला ‘मीटर्ड कनेक्शन’ सुरू करा. विंडोजचे मोठे अपडेट मग सहसा थांबून राहतात आणि दिवसाचा डेटा दुपारीच संपत नाही.